कडकपणाचे निदान

आपल्या भाषेत 'कडक' या शब्दाचे नशीब मोठे चमत्कारिक आहे. चहा कडक असला तर तो चांगला, इस्त्री कडक असली तर ती चांगली, आणि शिस्त कडक असली तर ती फारच चांगली. ऊन मात्र कडक पडले की आपण सावली शोधतो, आणि भाकरी कडक झाली की करणारीला बोल लावतो. माणसाच्या बाबतीत हा शब्द वापरताना आपल्या मनात या दोन्ही गोष्टी एकदम असतात. 'आमचे वडील फार कडक होते' असे कोणी सांगू लागला, की त्याच्या आवाजात जुनी भीती असते आणि तिच्या जोडीला थोडा अभिमानही असतो. कडक माणूस म्हणजे तत्त्वाचा माणूस, असे आपण धरून चालतो. त्याच्या सहवासात जे धक्के बसतात ती त्याच्या तत्त्वनिष्ठेची किंमत आहे आणि ती आसपासच्यांनी मुकाट्याने मोजावी, असेही आपण धरून चालतो. हे धरून चालणे कितपत बरोबर आहे?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मोठमोठ्या ग्रंथांकडे जाता येईल. पण सणाच्या दिवसांत वाचकांना इतका त्रास का द्यावा? त्यापेक्षा आपण एका मोटारीखाली डोकावू. तिथे जे दिसते ते ग्रंथांतल्यापेक्षा कमी उद्बोधक नाही.

मोटारी खाली बसवण्याची हौस हल्ली शहरांत आणि शहरालगतच्या गावांतही दिसते. शर्यतीच्या मोटारी जमिनीला चिकटून धावतात, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ती वळणावर कमी कलंडते आणि चाकांची पकड चांगली राहते. ते रुबाबदार रूप तरुणांच्या डोळ्यांत भरते आणि आपलीही गाडी तशी दिसावी असे वाटू लागते. मग मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालतात. पैसे वाचवायचे असतील तर मूळच्याच स्प्रिंगेचे एकदोन वेढे कापून टाकतात. मूळ बांधणीशी विसंगत असे फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई केलेली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ती पुन्हा एकदा स्पष्ट केली आहे. पण हौसेला कायदा आठवतो तो नेहमी उशिराच.

आता अशी एक खाली बसवलेली गाडी मुंबईहून अहमदाबादच्या महामार्गाने येत आहे अशी कल्पना करा. गुळगुळीत पट्ट्यावर ती सुरेख चालते. शिरसाडला ती महामार्ग सोडते आणि वज्रेश्वरीच्या वाटेने चांदीपकडे निघते. चांदीप हे वसई-विरारच्या पूर्वेचे गाव. भातखाचरांचे आणि डोंगरांच्या सावलीतले. पावसाळा नुकताच सरलेला असतो, भात कापणीला आलेले असते, आणि चार महिन्यांच्या पावसाने रस्त्याचे काय करून ठेवलेले असते हे या बाजूने वज्रेश्वरीच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. गाडी चालवणारा मुलगा पुढे, आणि फराळाचा डबा मांडीवर घेऊन त्याची आई मागे. पहिला खड्डा येतो. धाडकन आवाज होतो आणि डबा आईच्या हातातून उसळतो.

"आई, लागलं का गं?"

"नाही रे, तू चालव. मेला रस्ताच वाईट."

आपल्या घराघरांतून हे संभाषण वेगवेगळ्या शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. ज्याच्यामुळे धक्का बसला तो विचारतो, ज्याला बसला तो नाही म्हणतो, आणि दोष रस्त्याच्या माथी जातो. मुलालाही मनातून वाटत असते, की ही काही साधी गाडी नव्हे. ती थोडी कडक असायचीच. म्हणजे एकाच धक्क्याची दोन निदाने झाली. आईच्या मते रस्ता वाईट, आणि मुलाच्या मते गाडी उच्च कुळातली.

जाणता मिस्त्री यांपैकी एकही निदान पाहिल्यावाचून मान्य करणार नाही. तो आधी विचारील, की धक्का कसा बसतो? बारीक खडीवरही गाडी खडखडते, की फक्त मोठ्या खड्ड्यात दणका बसतो? मग तो गाडीखाली वाकेल. शॉकअपच्या दांड्यावर थोडे वंगण फासून तो गाडी एक फेरी मारून आणायला सांगेल. वंगण कुठपर्यंत पुसले गेले यावरून दांडा किती आत गेला हे त्याला कळते. प्रवाशाची तक्रार आणि मालकाची फुशारकी बाजूला ठेवून तो खूण वाचतो. निदान या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे.

आणि बहुतेक वेळा ती खूण काय सांगते? थोडे गणित करू. स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये मांडला: जितका जोर, तितका ताण. समजा, एका स्प्रिंगेला आठ वेढे होते. त्यांतले दोन कापले, सहा उरले. आखूड झालेली स्प्रिंग साधारण एक तृतीयांशाने ताठ होते. पण गाडी वरखाली हेलकावण्याची गती त्या मानाने वाढत नाही. ती वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे शेकडा पंधराच वाढते. घरगुती मोटार सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावे. स्प्रिंग कापल्यावर ती फार तर पावणेदोन वेळा हेलकावेल. आपण पायी चालतो तेव्हाही आपले शरीर सेकंदाला सुमारे दोनदा वरखाली होत असते, आणि त्याची तक्रार कोणी करत नाही. तेव्हा आईच्या पाठीत जो दणका बसला तो नुसत्या स्प्रिंगेच्या ताठपणाचा असणे शक्य नाही.

मग तो कशाचा? खड्ड्यातून वर येणाऱ्या चाकाला वर सरकायला काही जागा लागते. त्या जागेच्या शेवटी रबराचा एक ठोकळा बसवलेला असतो, एरवी न लागणारा, अगदीच आणीबाणीसाठी ठेवलेला. समजा, मूळच्या गाडीत ही जागा तीन इंच होती. गाडी दोन इंच खाली बसवली. उरला एक इंच. आता तोच खड्डा, तोच वेग, तेच वजन. पण जो धक्का तीन इंचांत जिरवायचा तो एका इंचात थोपवायचा म्हणजे सरासरी तिप्पट जोर लागणार. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनाही हे ठाऊक असते. झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे घेतला तर चेंडू अलगद बसतो. हात ताठ ठेवला तर तळवे झिणझिणतात आणि झेलही सुटतो. खाली बसवलेल्या गाडीला हात मागे घ्यायला जागाच उरलेली नसते. लहानशा खड्ड्यातही ती त्या ठोकळ्यावर आदळते. आपण ज्याला गाडीचा कडकपणा म्हणतो तो बहुधा संपलेल्या जागेचा आवाज असतो.

माणसांचेही असेच आहे असे मला वाटते. ज्याला आपण कडक म्हणतो त्या माणसाकडे नीट पाहिले तर त्याची तत्त्वे इतरांहून काही फार बळकट असतात असे आढळत नाही. त्याच्यापाशी जागा कमी असते. मुलाचे गुण कमी पडले, जावई उशिरा आला, सुनेने न विचारता काही आणले, की तो एकदम तळाला जाऊन आदळतो. गोष्ट लहान की मोठी हा भेद त्याला करताच येत नाही, कारण सगळ्याच गोष्टी त्याला त्या एका इंचात भेटतात. आणि ही जागा पुष्कळदा त्याने स्वतःच, रुबाबासाठी, कापून टाकलेली असते. 'माझा शब्द म्हणजे शब्द', 'मी एकदा नाही म्हटले की नाही' ही वाक्ये उच्चारताना मोठी ऐटबाज वाटतात. त्यांचा प्रत्येक उच्चार म्हणजे स्प्रिंगेचा एक एक वेढा कापणे असते, हे चार वर्षांनी कळते. आणि तेही त्याला कळत नाही, मागे बसलेल्यांना कळते.

यावर कोणी म्हणेल, की मग काय सर्वांनी गादीसारखे मऊ व्हावे? जो येईल त्याच्यापुढे वाकावे? तत्त्व म्हणून काही धरूच नये? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचेही उत्तर मोटारीतच आहे. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने लोटस नावाच्या शर्यतीच्या मोटारी बनवल्या. त्याची १९६२ ची एलान ही गाडी वळणावर जितकी नेमकी चाले तितकीच खडबडीत रस्त्यावर सुखाची वाटे, अशी तिची ख्याती आहे. चॅपमनचे रहस्य असे, की त्याने स्प्रिंगा मऊ ठेवल्या, चाकांना हलायला भरपूर जागा दिली, आणि ती हालचाल कोणत्या रेषेत व्हावी व किती लवकर शमावी हे मात्र काटेकोरपणे ठरवले. चाक वर गेले तरी चालेल, पण ते वाकडे होता कामा नये. दुसरे टोक फ्रान्समधले. १९४८ मध्ये लोकांपुढे आलेली सित्रोएनची टू-सीव्ही ही शेतकऱ्यांची गाडी बनवताना अशी अट होती, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडे फुटू नये. शर्यतीची गाडी आणि शेतकऱ्याची गाडी. दोघींच्या करत्यांना मूळ गोष्ट एकच कळली होती. लवणे म्हणजे वळण सोडणे नव्हे.

खंबीर माणूस आणि कडक माणूस यांतला भेद इथेच आहे. खंबीर माणूस धक्का आत घेतो, थोडा हलतो, आणि आपल्या जागी परत येतो. तुम्ही त्याच्याशी वाद घातला तर तो ऐकून घेतो. क्वचित 'तुझे खरे असेल' असेही म्हणतो. आणि उद्या सकाळी तो आपल्या कामावर आणि आपल्या शब्दावर उभा असतो. कडक माणूस हलत नाही, तो हलवतो. त्याच्यावर आलेला प्रत्येक धक्का जसाच्या तसा मागच्या बाकावर पोहोचतो.

पण इथे घाई करून चालणार नाही. सगळे कडकपण हौसेचे नसते. भाताचे भारे शिगोशीग लादलेला टेम्पो याच रस्त्याने जातो आणि तोही प्रत्येक खड्ड्यात आदळतो. त्याच्या स्प्रिंगा कोणी कापलेल्या नाहीत. ओझ्याखाली त्या दबून ठोकळ्याला टेकलेल्या आहेत. दणका दोघांचा एकसारखाच ऐकू येतो. पण हौसेने खाली बसवलेल्या गाडीला तिची उंची परत द्यायला हवी, आणि लादलेल्या टेम्पोचे ओझे उतरवायला हवे. आपल्या ओळखीतली कितीतरी 'तापट' माणसे या दुसऱ्या जातीची असतात. तीन बहिणींची लग्ने, धाकट्यांची शिक्षणे, म्हाताऱ्यांची आजारपणे या सगळ्यांखाली जो दबून गेला त्याला 'जरा सौम्य वागत जा' असा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. त्याचा एक भारा खाली उतरवून घ्या. सौम्यपणा आपोआप येईल. उलट ज्याने केवळ ऐटीसाठी वेढे कापले त्याची 'बिचाऱ्यावर किती जबाबदारी' म्हणून कीव करणे हीही चूकच. धक्क्याच्या आवाजावरून माणसाची परीक्षा होत नाही. खाली वाकून पाहावे लागते.

आणि वाकून पाहतानाही मिस्त्री स्वस्त कारणांपासून आरंभ करतो. स्प्रिंगेला हात लावण्याआधी तो टायरांतली हवा पाहतो. हवा जास्त भरलेली असली तर बारीक खडीसुद्धा अंगात शिरते, आणि हा दोष दूर करायला दोन मिनिटे पुरतात. माणसाच्या बाबतीतही स्वभावाची मीमांसा करण्याआधी 'तो जेवला आहे का, काल झोपला होता का' हे विचारावे. पुष्कळ घरांतले 'मूलभूत मतभेद' दुपारच्या जेवणानंतर सापडेनासे होतात.

हवेनंतर शॉकअप. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का विसरण्याचे काम शॉकअपचे. तो निकामी झाला तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ डुलत राहते. अशी माणसे आपण पाहिली आहेत, ज्यांना मागच्या दिवाळीतला अपमान या दिवाळीतही हलवत असतो. तो गच्च अडकला तर उलट होते: स्प्रिंग हलेनाशी होते आणि गाडी नुसत्या टायरांवर जलद नाचू लागते. बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ या गतीचे हादरे सर्वांत जाचक होतात असे अभ्यासकांना आढळले आहे. मोठे हेलकावे आपण सोसतो. सतत चालणारी बारीक कुरकुर देहालाही सोसत नाही आणि संसारालाही.

याच तपासणीतली आणखी एक बारीक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. गाडीच्या सांध्यांत रबराचे बुश असतात. ते बसवताना गाडी जॅकवर उचललेली असते आणि चाके हवेत लोंबकळत असतात. नवशिका कारागीर तशाच स्थितीत बोल्ट आवळून टाकतो. गाडी खाली उतरवली, तिचे वजन चाकांवर आले, की ते रबर जन्मभर पिळलेल्या स्थितीत राहते. चाल कडक होते आणि रबर लवकर फाटते. जाणता मिस्त्री बोल्ट नुसते बसवून ठेवतो, आणि गाडीचे वजन तिच्या चाकांवर आल्यावर मगच ते शेवटचे आवळतो. आपली कितीतरी तत्त्वे अशीच हवेत आवळलेली असतात. ज्याने कधी मूल वाढवले नाही त्याची संगोपनाविषयीची मते, ज्याला कधी कर्ज काढावे लागले नाही त्याचे कर्जाविषयीचे तिरस्कार, हे सगळे चाके लोंबकळत असताना आवळलेले बोल्ट. तत्त्व आवळावे, पण आयुष्याचे वजन त्यावर पडू द्यावे, आणि मग आवळावे.

आता रस्त्याचे काय? आईने रस्त्याला दोष दिला तो खोटा नव्हता. रस्ता वाईट आहे, तो सुधारला पाहिजे, आणि ज्यांचे ते काम आहे त्यांना ते सांगितलेही पाहिजे. पण 'रस्ता वाईट आहे' हे गाडीचे समर्थन होऊ शकत नाही. स्प्रिंग असते ती रस्ता वाईट असतो म्हणूनच. सगळे रस्ते आरशासारखे असते तर स्प्रिंगेची गरजच काय होती? दिवस वाईट आहेत, मुले ऐकत नाहीत, कचेरीत त्रास आहे, म्हणून मी घरात कडक वागतो असे जो म्हणतो, तो नेमक्या त्याच गोष्टी सांगत असतो ज्यांच्यासाठी माणसाला सहनशीलता दिलेली आहे. सुखाच्या दिवसांतली सहनशीलता ही महामार्गावरची चाल. खरी परीक्षा शिरसाडला वळल्यावर होते.

आणि या परीक्षेत गुण कोणी द्यायचे? चालवणाऱ्याने नव्हे. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, म्हणजे गाडी कमीत कमी हलते अशा जागी बसलेला असतो. शिवाय खड्डा त्याला आधी दिसतो. तो अंग सावरून घेतो, सुकाणू घट्ट धरतो. मागे बसलेल्याला यांतले काहीच नसते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला शेवटच्या बाकाचे शास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. तो बाक मागच्या चाकांच्याही पाठीमागे असतो. गाडी डोलली की त्याचे टोक सर्वांत जास्त उडते. ड्रायव्हरला जो खड्डा म्हणजे किंचित हेलकावा, तो शेवटच्या बाकावर टोपी छताला लावतो. घरातही असे शेवटचे बाक असतात. तिथे बहुधा घरातल्या स्त्रिया, लहान मुले, आश्रित म्हातारी माणसे आणि घरकामाला येणारी मंडळी बसलेली असतात. घर कसे चालले आहे हे घर चालवणाऱ्याला विचारू नये. या बाकावर विचारावे.

तिथे विचारले तरी पहिले उत्तर 'नाही रे, लागलं नाही' असेच येईल, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. मागच्या बाकावरचे लोक प्रेमाने खोटे बोलतात, काही भीतीने बोलतात, आणि पुष्कळांना धक्के ही प्रवासाचीच रीत वाटू लागलेली असते. त्या उत्तरावर समाधान मानणे सोपे आहे आणि सोयीचेही आहे. म्हणूनच मिस्त्रीची रीत चांगली. तो 'लागलं का' असे विचारत बसत नाही. वंगण कुठवर पुसले गेले ते पाहतो. आपण आत आलो की पोरांचे हसणे थांबते का? आपल्या हातून काही सांडले तर सगळे हसतात, आणि दुसऱ्याच्या हातून सांडले तर सगळे आपल्या तोंडाकडे पाहतात, असे होते का? वाईट बातमी घरात सर्वांना कळून आपल्याला शेवटी कळते का? या खुणा खोटे बोलत नाहीत.

दिवाळीत घरे भरतात. एरवी चार माणसांचे घर चौदांचे होते, आणि चारांसाठी ठेवलेली जागा चौदांना पुरवायची असते. कोणाचे मूल रांगोळीवरून धावत जाते, कोणाची चकली मऊ पडते, कोणी जुना हिशेब नको त्या वेळी काढतो. खड्डे येतातच. अशा वेळी आपण किती ताठ राहिलो यापेक्षा आपण किती इंच जागा शिल्लक ठेवली होती हे अधिक महत्त्वाचे. कापलेला वेढा परत जोडता येत नाही हे खरे. पण नवी स्प्रिंग घालता येते, आणि त्या कामाला मोठा खर्च येत नाही. थोडी ऐट कमी होते इतकेच. गाडी दोन इंच उंच दिसू लागते, आणि मागच्या बाकावरचा फराळाचा डबा चांदीपपर्यंत न सांडता पोहोचतो.